दोन रात्रींचं बुकिंग

ती बाई आणि ते घर अजून माझ्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पुरातून काढलेली प्रेतं ओळख पटवण्यासाठी ओळीनं मांडून ठेवली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही, शेवटी गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. तरी पुसट होत नाही ते हेच. यातल्या कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. जे गेले ते गेले, आणि जे आहेत त्यांना अजून याच शहरात राहायचं आहे.

मी तेव्हा कोल्हापुरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एका सोमवारी सकाळी हजेरी घेऊन मी टेबलावरचे कागद बघत होतो, तेव्हा ठाणे अंमलदारानं एका नवराबायकोला आत पाठवलं. दोघं पन्नाशीच्या आसपासचे. मंगळवार पेठेत त्यांचं संस्थानच्या काळातलं दगडी घर होतं. पणजोबा दरबारच्या नोकरीत होते, त्यांच्या वेळचं. घर त्यांनी नीट राखलं होतं आणि त्यातल्या चार खोल्या पाहुण्यांना राहायला देत होते. मोबाइलवर बुकिंग करायचं, यायचं, जुन्या घरात राहायचं, सकाळी चौकात बसून घरच्या बाईंच्या हातचा नाश्ता करायचा. पुण्या-मुंबईची माणसं त्यासाठी यायची. मी पूर्वी एका चोरीच्या तपासात त्या घरी गेलो होतो, त्यामुळे ओळख होती. बाईंना मी वहिनीच म्हणायचो.

वहिनी म्हणाल्या, "साहेब, आमच्याकडचं एक पावणं गेलंय. आणि बायकोला आमच्याकडंच ठेवून गेलंय."

हकिगत अशी होती. शनिवारी एक वृद्ध जोडपं दोन रात्रींचं बुकिंग करून आलं. त्याआधी वर्षभरात ते तीनदा येऊन राहिलं होतं, त्यामुळे अनोळखी नव्हतं. बाईंना स्मृतिभ्रंश होता. रविवारी सकाळी आजोबा 'फिरून येतो' म्हणून बाहेर पडले ते आलेच नाहीत. फोन बंद. दिवसभर वाट पाहून, दोन-तीन दवाखान्यांत चौकशी करून हे दोघं सोमवारी आमच्याकडे आले होते.

मी मिसिंगची नोंद घ्यायला लावली आणि एक महिला हवालदार बरोबर घेऊन त्या घरी गेलो. बाई चौकातल्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, स्वच्छ नऊवारी नेसलेल्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि वहिनींना म्हणाल्या, "वयनी, पावण्यांस्नी पानी द्या की." आपण माहेरी आलो आहोत अशी त्यांची समजूत होती. घरमालकांना त्या दादा म्हणत होत्या. नवऱ्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "त्ये कामावर गेल्यात." त्याहून जास्त काही त्या सांगू शकल्या नाहीत.

खोलीची झडती घेतली. बाईंची बॅग भरलेली होती, नवऱ्याचं काहीच नव्हतं. साड्यांच्या खाली गोळ्यांच्या पुड्या होत्या. तीन महिन्यांच्या, सकाळ-संध्याकाळच्या वेगवेगळ्या, प्रत्येकीवर बॉलपेननं बारीक अक्षरात लिहिलेलं. आणि वहीचे चार कागद. त्यावर सूचना होत्या. पांढरी गोळी कडू लागते, बरोबर गुळाचा खडा द्यावा. डोक्यावर एकदम पाणी ओतू नये, घाबरते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला घरी जायचं म्हणते. वाद घालू नये, अंगणात एक फेरी मारून परत आणावं, विसरते. खाली सही नव्हती, कोणाला उद्देशून लिहिलंय तेही नव्हतं.

ते कागद वाचल्यावर अपघात झाला असेल ही शंका मिटली. हा माणूस ठरवून गेला होता.

तपास नेहमीच्या पद्धतीनं सुरू केला. गल्लीतल्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात तो सकाळी पावणेसातला हातात लहान पिशवी घेऊन जाताना दिसला. पुढे रिक्षा, रिक्षातून रेल्वे स्टेशन. मोबाइलचं शेवटचं लोकेशनही स्टेशनचंच. वहिनींकडे त्याच्या आधारची प्रत होती. पत्ता पिंपरीचा होता. तिथल्या पोलिसांनी जाऊन पाहिलं, तर भाड्याचं घर आठवड्यापूर्वीच रिकामं केलेलं. शेजाऱ्यांना त्यांनी गावी जातो म्हणून सांगितलं होतं.

गाव कोणतं, ते आमच्या महिला हवालदारानं काढलं. ती गारगोटीकडची. बाईंचं बोलणं ऐकून तिनं आमच्याकडच्या दिसताय म्हणत गप्पा सुरू केल्या आणि अर्ध्या तासात गावाचं नाव, भावाचं नाव, परसातल्या फणसाच्या झाडापर्यंत सगळं काढून घेतलं. भाऊ वारला होता. त्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजर झाला. दूधसंस्थेत काम करणारा साधा माणूस. आत्याला मूलबाळ नाही, त्यांचे यजमान पिंपरीला एका कारखान्यात फिटर होते, आणि पंधरा-वीस वर्षांत भेट नाही, एवढं त्यानं सांगितलं. त्या घरी नेलं तेव्हा आत्याच्या पाया पडला. तिनं त्याला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारली तेव्हा रडला. घेऊन जाता का, असं मी विचारलं. दोन खोल्या, जनावरं, आई अंथरुणाला खिळलेली, बायको एकटी करणारी, असं तो खाली बघत सांगत राहिला. चारच्या एसटीनं परत गेला.

वहिनींच्या यजमानांनी स्पष्ट सांगितलं होतं की गुरुवारपर्यंत सांभाळू, पुढं नाही. शुक्रवारपासून सगळ्या खोल्या लागलेल्या होत्या. त्यांचं मला चुकीचं वाटलं नाही. मी शहराबाहेरच्या एका निवारा संस्थेशी बोललो. चांगली संस्था, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वेगळा विभाग होता. तिथल्या बाई म्हणाल्या, नातेवाईक नसलेल्या निराधार व्यक्तीला पोलिसांच्या पत्रावर घेता येतं, एक जागा आहे, गुरुवारी आणा. मी पत्र तयार करून घेतलं. इथं थांबलो असतो तर.

पण माझं डोकं त्या माणसात अडकलं होतं. आजारी बायकोला परक्याच्या दारात टाकून जाणारा नवरा. मला त्याचा राग आला होता, हे मी लपवत नाही. ज्येष्ठ नागरिकांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांसाठी कायद्यात तरतूद आहे, ती मी वाचून ठेवली होती. त्याला आणायचा आणि समोर बसवायचा, एवढंच डोक्यात होतं.

खबर बुधवारी सकाळी आली. त्या घरासमोर तिरकं, गल्लीच्या कोपऱ्यावर इस्त्रीची टपरी होती. ती चालवणारे चाचा वयस्कर, तीस वर्षं त्याच जागी. ते स्वतः ठाण्यात आले. म्हणाले, "साहेब, दोन दिस झालं, एक म्हातारा सकाळी येतोय. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. माझ्या टपरीच्या आडोशाला हुबा ऱ्हातोय, घंटाभर समोरच्या दारातनं आत बघतोय, आन् जातोय. आज बी आलता."

इतके दिवस आम्ही त्याला पुण्याच्या बाजूला शोधत होतो. पळणारा माणूस लांब जातो, असं आम्ही पोलीस धरून चालतो. हा स्टेशनजवळच्या एका लॉजवर होता आणि रोज सकाळी चालत मंगळवार पेठेत येत होता.

चाचांनी सांगितलेल्या वर्णनावरून दोन कर्मचारी साध्या वेशात स्टेशनजवळचे लॉज तपासायला गेले. तासाभरात तो मिळाला. त्यानं काही विरोध केला नाही, पिशवी उचलली आणि बरोबर आला. तो ठाण्याच्या आवारात शिरल्याची खबर मिळताच मी दोन फोन केले. एक वरिष्ठांना. दुसरा ओळखीच्या एका वार्ताहराला, जो तीन दिवस माझ्या मागं लागला होता. दुसरा फोन करायची काही गरज नव्हती.

माणूस शहात्तर वर्षांचा होता. उंच, पण कपडे अंगावर लोंबत होते आणि डोळे पिवळे पडलेले होते. ते पिवळेपण मी पाहिलं आणि पुढं गेलो. त्याला खुर्ची दिली, चहा दिला. चहाला त्यानं हात लावला नाही. नाव, गाव, पत्ता सगळं बरोबर सांगितलं. बायकोला का सोडलं, हे विचारलं की गप्प. तासभर हे चाललं. मी आवाज चढवून पाहिला, समजावून पाहिलं. शेवटी आम्ही नेहमी करतो तेच मी केलं. खोटं बोललो.

मी म्हणालो, "काका, तुमची बायको तीन दिवस जेवलेली नाही. तुम्ही गेल्यापासून अन्नाला शिवत नाही."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "खोटं आहे साहेब. आज सकाळी तिनं दोन थालीपीठं खाल्ली. वहिनींनी लोणी वाढलं. मी बघितलं."

मग तो बोलला. अडखळला नाही, रडला नाही. कामाची पाळी बदलताना पुढच्याला काय-काय झालंय ते सांगावं, तसं सांगत गेला. पाच वर्षांपूर्वी बायको घराचा रस्ता विसरली. मग नाणी, मग भांडी, मग त्याला. पिंपरीच्या घरात ती रात्रंदिवस दार वाजवायची, मला घरी जाऊ द्या म्हणून ओरडायची. शेजारी कंटाळले. कोणीतरी सुचवलं, हवापालट करा. त्यानं मोबाइलवर कोल्हापूर शोधलं, त्यात हे घर दिसलं. दगडी जोतं, चौक, झोपाळा. तिच्या माहेरी असंच होतं. घेऊन आला. पहिल्याच संध्याकाळी ती झोपाळ्यावर बसली, जेवली आणि गाढ झोपली. दोन वर्षांत अशी झोपली नव्हती. म्हणून पुन्हा आणली, आणि पुन्हा.

उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली असं वाटलं. ती कावीळ नव्हती. यकृताचा कर्करोग होता, पसरलेला. डॉक्टरांनी महिने मोजून दिले होते. त्यानंतर तो संस्था शोधत फिरला. कुणी म्हणालं, भटकणारे पेशंट घेत नाही. कुणी म्हणालं, जबाबदार नातेवाइकाची सही हवी, आणि ती सही करणारा तुमच्या पश्चात असला पाहिजे.

मी विचारलं, "मग त्या घरानं तुमचं काय वाईट केलं होतं? त्यांच्याच गळ्यात का?"

"त्या म्हणाल्या होत्या," तो म्हणाला. "वहिनी. तिन्ही वेळेला, निघताना. आजींना आमच्याकडंच ठेवून जावा की, असं."

मी लिहिणं थांबवलं. त्यालाही कळत होतं ते काय बोलणं होतं. तो म्हणाला, ते शब्दशः घ्यायचं नसतं हे मला माहीत आहे साहेब, मी काही वेडा नाही. पण दुसरीकडे कुठंच, कोणीच, तेवढंसुद्धा म्हटलं नव्हतं. त्याचा हिशोब साधा होता. ते सांभाळतील तर सांभाळतील, नाहीतर पोलिसांना सांगतील. पोलीस नवरा शोधतील, सापडणार नाही, आणि मग बाई निराधार म्हणून कुठल्यातरी चांगल्या जागी जाईल. नवरा असलेल्या बाईला कोणी घेत नव्हतं. नवरा नसलेली बाई घेतली असती. तेवढ्यासाठी त्याला काही दिवस सापडायचं नव्हतं, आणि पुढं सापडण्याचा प्रश्नच नव्हता. पण लांब जाणं त्याला जमलं नाही. रोज सकाळी तिनं खाल्लं का, ते बघायला येत राहिला.

त्याचा बेत तंतोतंत जुळत आला होता. संस्थेचं पत्र माझ्याच टेबलावर, माझ्याच सहीचं पडलं होतं.

जबाब संपला. त्यानं सही करण्याआधी पेन हातात धरून विचारलं, "साहेब, मी सापडलो नाही, असं लिहिता नाही येणार का?"

स्टेशन डायरीला नोंद झाली होती. वरिष्ठांना कळलं होतं. मी नाही म्हणालो. त्यानं मान हलवली, जणू एखाद्या सरकारी कचेरीच्या खिडकीवर आज काम होणार नाही असं सांगितलं होतं, आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. पत्नीला सोडून पळालेला वृद्ध पोलिसांच्या जाळ्यात. खाली माझं नाव. दहा वाजता संस्थेतून फोन आला. बाई नम्रपणे बोलत होत्या. पती हयात आहेत, सापडले आहेत, मग निराधार म्हणून आम्ही कसं घेणार? त्यांचे विश्वस्त नियमाला पक्के होते. रीतसर अर्ज करा, यादीत नाव घालू, म्हणाल्या. यादी लांब होती. पती फार दिवस जगणार नाहीत, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तसं झालं की कळवा.

कलम लावायचा विचार मी सोडून दिला. तो स्वतःच ज्येष्ठ नागरिक होता, स्वतःच मरणाच्या दारात होता. कोणाविरुद्ध काय लावणार?

मी मंगळवार पेठेत गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्या ओट्याला टेकून ऐकत होत्या. त्यांचंच वाक्य त्यांना सांगितलं तेव्हा त्या खाली बसल्या. "साहेब, पावणं निघताना माणूस म्हणतंच की," त्या म्हणाल्या. "मी आपलं बोलायचं म्हणून बोलले." त्यांच्या यजमानांना मी विचारलं, दोघांनाही काही आठवडे इथं राहू देता का? त्यांनी हात जोडले. "उद्या दोघांतलं कोण इथं गेलं, काय झालं, तर कुणाला बोलवायचं आम्ही?" शुक्रवारचे पाहुणे येणार म्हणून वहिनी चादरी बदलत होत्या. बदलताना डोळे पुसत होत्या, पण बदलत होत्या.

ताबा पावतीवर सही घेऊन मी त्या बाईला तिच्या नवऱ्याच्या स्वाधीन केलं. त्या दारातून बाहेर येताना तिनं उंबऱ्याला नमस्कार केला. सासरी निघालेली लेक करते तसा. नवऱ्याला तिनं ओळखलं नाही, तरी त्यानं हात पुढे केल्यावर धरला.

इस्त्रीवाल्या चाचांना आपण खबर दिली याचं फार लागलं होतं. मागच्या गल्लीत एक खोली त्यांनीच शोधून दिली. तिथं ती ओरडायची, तो तिला धरून फेऱ्या मारायचा, अंगण नव्हतं म्हणून बोळातून. चाचांची सून डबा द्यायची. मी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्याच्याच्यानं उठवत नव्हतं. दोन महिन्यांच्या आत तो सरकारी दवाखान्यात दाखल झाला. शेवटचे चार दिवस ती त्याच्या पलंगाशेजारी सतरंजीवर बसून होती, कारण तिला ठेवायला दुसरी जागा नव्हती. तो गेला ते तिला समजलं नाही.

मी त्या दिवशी बंदोबस्तात होतो. परत येऊन संस्थेला फोन केला. त्यांनी सांगितल्याप्रमाणेच कळवत होतो. जागा भरलेली होती. मग न्यायालयाच्या आदेशानं तिला परजिल्ह्यातल्या मनोरुग्णालयात पाठवलं. तिचा आजार त्या जागेचा नव्हता. पण तिथं पलंग होता. त्या सूचनांचे चार कागद मी पाकिटात घालून बरोबर दिले. ते कोणी वाचले की नाही, मला माहीत नाही. मी सहा महिन्यांनी भेटायला गेलो तेव्हा तिचे केस कापलेले होते, अंगात रुग्णालयाचा गाऊन होता, आणि ती बोलायची बंद झाली होती.

तो सापडला त्या महिन्याच्या आढावा बैठकीत वरिष्ठांनी या तपासाचं कौतुक केलं होतं. चार दिवसांत मिसिंगचा छडा. मी उभा राहून सलाम केला. नोकरीत मला वाटायचं, प्रत्येक वाईट गोष्टीमागं एक माणूस असतो, तो सापडला की निम्मं काम झालं. इथं मी नवऱ्याला तपासलं, भाच्याला तपासलं, घरमालकांना, संस्थेच्या बाईंना तपासलं. दोषी ठरवावा असा एकही माणूस मिळाला नाही. प्रत्येकाचं कारण खरं होतं. माझंही खरंच होतं. आणि इतक्या खऱ्या कारणांमधून ती बाई सरळ खाली गेली. कर्तव्य म्हणून मी जे केलं त्यात नियमाच्या दृष्टीनं एकही चूक नव्हती, हेच मला अजून सहन होत नाही. नव्या अधिकाऱ्यांपुढे कधी बोलायला बोलावतात, तेव्हा मी एवढंच सांगतो, की हरवलेल्या माणसाचा शोध घेण्याआधी, तो सापडल्यावर कोणाचं काय होणार हे विचारून घ्या. ते वहीत लिहून घेतात. विचारल्यावर उत्तर वाईट आलं तर काय करायचं, असं एकानं विचारलं होतं.

निवृत्तीनंतर वर्षाच्या आत मला त्या रुग्णालयातून फोन आला. तिच्या कागदावर नातेवाइकाच्या जागी, तिला पाठवणारा अधिकारी म्हणून माझा नंबर कोणीतरी लिहून ठेवला होता. मी पहाटेची एसटी पकडून गेलो. अंत्यविधी उरकला. मी, रुग्णालयाचे दोन कर्मचारी आणि सरण रचणारा. परतताना स्मशानभूमीच्या कारकुनानं रजिस्टर पुढं केलं. मयताशी नातं, असा रकाना होता. काय लिहू, त्यानं विचारलं. मी तो रकाना पुन्हा वाचला. मागं लोक खोळंबले होते. शेवटी त्यानंच त्या जागी एक आडवी रेघ ओढली आणि सहीसाठी पेन माझ्या हातात दिलं.